दारापुरती जागा

सिस्टरने मोजपट्टीचं टोक खाटेच्या उशाशी दाबून धरलं आणि मुलीने दुसरं टोक पायथ्यापर्यंत ओढत नेलं. आकडा मोठ्याने सांगितला, तसा बाहेरच्या खोलीतून बाबांचा प्रश्न आला, पायाकडची फळी धरून की सोडून?

"धरून, मिलिमीटरसाहेब," मुलगी म्हणाली.

हे नाव त्याला कचेरीने दिलं होतं. पाणीपुरवठा खात्यात तो आरेखक होता. नळांचे, टाक्यांचे, झडपांचे नकाशे काढण्यात नोकरी संपली, पण रोज सकाळी पेन्सिलीला टोक करून ठेवण्याची सवय संपली नाही. त्याची बायको इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झाली त्यालाही बरीच वर्षं झाली होती, तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. जावईसुद्धा एकदा चुकून म्हणाला होता आणि मग जेवण होईपर्यंत मान वर न काढता जेवला होता.

जेवणाच्या टेबलावर आलेखाचा मोठा कागद चिकटपट्टीने ताणून बसवला होता. त्यावर नवं घर होतं: एक बैठकीची खोली, एक झोपायची, स्वयंपाकाला भिंतीतला कोनाडा म्हणावा एवढी जागा. तिच्या गुडघ्यांना आणि त्याच्या छातीला हे जिने झेपेनासे झाले, तेव्हा लिफ्ट असलेलं आणि परवडणारं एवढंच घर मिळालं होतं. मुलगी मापं सांगायची आणि तो जुन्या फायलींच्या निळ्या पुठ्ठ्यातून त्या प्रमाणात तुकडे कापायचा. कागदावर मावेल ते न्यायचं, न मावेल ते लिफाफ्यात टाकायचं, असा नियम त्यानेच केला होता. शिलाई मशीन लिफाफ्यात गेलं. पुस्तकांचं कपाट गेलं. मुलीचं शाळेतलं टेबल गेलं तेव्हा मुलगी म्हणाली, "टाका, टाका, बिनधास्त टाका," आणि उगाच पाणी प्यायला आत गेली.

दोन खाटांचे तुकडे मात्र त्याने आधीच कापून ठेवले होते. मघाची मोजणी फक्त खातरजमेसाठी होती. ते ना कागदावर होते ना लिफाफ्यात. कागदाच्या कडेला, टेबलाच्या उघड्या लाकडावर, एकावर एक ठेवलेले होते.

चहा पिताना मुलगी बोटाने तुकडे सरकवत राहिली. कपाट खिडकीखाली, टेबल दाराशी, पुन्हा उलटं. मग खाटांकडे पाहून तिला हसू आलं.

"तुमची दोघांची मोठी पंचाईत आहे हं. बाबा घोरणार, आई रात्रभर दिवा लावून वाचत बसणार. एका खोलीत ठेवलं तर आठ दिवसांत वकील गाठाल."

आरेखकाने पट्टीवरचा पुठ्ठ्याचा भुसा फुंकून टाकला. सिस्टरने कप उचलले. एक कप अजून अर्धा भरलेला होता.

वेगळ्या खोल्या भांडणातून आल्या नव्हत्या. तिला कायमची रात्रपाळी मिळाली त्या वर्षी मुलगी लहान होती, घरात दिवसभर आवाज असायचा, म्हणून तिची खाट मागच्या खोलीत हलवली. तात्पुरती, असं तेव्हा दोघंही म्हणाले होते. ती घरी यायची तेव्हा तो बूट घालत असायचा. चपला आणि बूट यांच्यामध्ये चार वाक्यं व्हायची, त्यातली तीन मुलीच्या डब्याबद्दल. निवृत्तीच्या दिवशी ती हार आणि नारळ घेऊन घरी आली आणि संध्याकाळी आपली उशी उचलून पुढच्या खोलीत न्यायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात त्याने एक मोठं पुडकं तिच्यापुढे ठेवलं. आत जाड काळे पडदे होते. मागच्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन त्याने ते शिवून आणले होते. आता तरी दिवसा निवांत झोप, तो म्हणाला. छान आहेत, ती म्हणाली. पडदे खरोखरच चांगले होते. भर दुपारी त्या खोलीत हाताला हात दिसत नसे.

मुलगी निघाली तेव्हा तो तिला रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरला. त्याला वर यायला हल्ली वेळ लागतो, हे सिस्टरला माहीत होतं. ती टेबलापाशी आली. हात साडीला पुसले. मग दोन्ही निळे तुकडे उचलून तिने झोपायच्या खोलीत ठेवले, खिडकीच्या बाजूला, एकमेकांना लागून. एक जरा तिरका पडला होता. नखाने तिने तो सरळ केला. 

जिन्यावर त्याचं खोकणं ऐकू आलं तेव्हा ती ओट्याशी जाऊन उभी राहिली होती.

सकाळी कागदावर एक खाट झोपायच्या खोलीत होती आणि दुसरी बैठकीत, भिंतीला समांतर. दोन्हींना टाचण्या टोचलेल्या होत्या. टाचणी टोचली म्हणजे त्याच्या लेखी काम पक्कं. तो पेपर वाचत होता. तिने चहा पुढे ठेवला. साखर हवी का, असं विचारलं. इतक्या वर्षांत तिने ते कधी विचारलं नव्हतं. त्याने पेपराच्या वरून पाहिलं आणि नेहमीइतकीच, असं म्हणाला.

खाटा शेजारी ठेवून आपण विचारलं, टाचण्यांनी उत्तर मिळालं, आता पुन्हा तो विषय नको, असं तिने ठरवलं. पुढचे दिवस बांधाबांधीत गेले. लिफाफ्यातल्या वस्तूंना एकेक गिऱ्हाईक मिळालं. पुस्तकांच्या कपाटाला मिळालं नाही, तर शेजारच्या सुताराने फळ्या सुट्या करून नेल्या. काळे पडदे नव्या खिडकीला लांब होत होते, म्हणून हमालांनी त्यात आरसा गुंडाळला. ट्रक निघताना सिस्टर मागे वळून पाहील असं वाटून मुलगी तिचा हात धरून उभी राहिली. तिने पाहिलं नाही. तिचं लक्ष त्याच्याकडे होतं. ट्रकवाल्याला तो चौथ्यांदा सांगत होता की सिस्टरची खाट आत आणि त्याची बाहेरच्या खोलीत.

"कळलं हो आजोबा," ट्रकवाला म्हणाला. "आजी आत, तुम्ही पहाऱ्याला."

नव्या घरी दुपारपर्यंत सामान लागलं. कागदावर होतं तसंच, बोटभरही इकडेतिकडे नाही. मुलगी डबा ठेवून गेली. हमालांनी बाहेरच्या खाटेची जोडणी अर्धवट केली होती आणि ती हलत होती, म्हणून आरेखक पाना घेऊन तिच्याखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे मोजे दिसत होते. सिस्टर उशांना अभ्रे घालत होती.

"बरं झालं, वेळेवर लक्षात आलं," तो खालून म्हणाला. "त्या दिवशी पोरीने दोन्ही खाटा आत कोंबल्या होत्या. तिची आपली थट्टा. पण तुला झोप मिळाली नसती. मी रात्रीच हलवली."

सिस्टरने उशी मांडीवर ठेवली.

"तिने नव्हत्या ठेवल्या."

"मग काय, वाऱ्याने गेल्या?"

पाना फिरायचा थांबला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली, आणि आवाज थेट त्यांच्या डोक्यावरून एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेला.

"मावत नाहीत आत," तो म्हणाला. आवाज कचेरीतला होता, नकाशा वाचून दाखवतानाचा. "एकीलाच जागा आहे. दुसरी ठेवली की दार उघडत नाही. आडव्या लावून पाहिल्या, उभ्या पाहिल्या, भिंतीला चिकटवून पाहिल्या."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. तुकडे कापले तेव्हा. सगळ्यात आधी त्याच दोन कापल्या होत्या."

सिस्टरने आतल्या दाराकडे पाहिलं. साधं, पांढऱ्या रंगाचं, हलकं दार. बिजागऱ्यांवरही रंग फासलेला होता.

"दार काढून ठेवू," ती म्हणाली.

"तुला दार लागतं."

"लागायचं."

तो खाटेखाली तसाच पडून राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. मग त्याचा हात खाटेखालून बाहेर आला आणि फरशी चाचपू लागला. एक नट बसवायचा राहिला होता. तो घरंगळत सिस्टरच्या पायापाशी येऊन थांबला होता. हात डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग जरासा पुढे आला.

तिने तो नट पायाने त्याच्याकडे सरकवला नाही. खाट इथे पक्की व्हायला तिला नको होती.