खरवडलेलं नाव

मी एक जुना पितळी डबा आहे. मरोळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात मी परवापर्यंत उभा होतो. तिथल्या प्रत्येक पुडीवर माझं चित्र होतं आणि खाली छापलं होतं, 'कुंदाताईंच्या आजीचा येसूर'. मित्रांनो, येसूर खरा आहे, आजी खोटी आहे. हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. म्हणून आज बोलताना लाज वाटते.

मी नगरकडचा. एका बापाने लेकीच्या लग्नात मला दिलं. तांबटाने छिन्नीने ठोकून नाव घातलं, 'सौ. सोनूबाई रतन साळवे'. ठोके एवढे जोराचे होते की अक्षरं आतूनही उमटली. तिच्याबरोबर मी विक्रोळीच्या चाळीत आलो. शेजारी कोकणातली कुंदा राहायची. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं, तेव्हा सोनूबाईने तिला आमचा नगरकडचा येसूर शिकवला. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे भाजायचे, दळायचे आणि माझ्यात भरायचे. चिमूटभर टाकला की पातळ रस्साही दाट होतो.

"कुंदे, बाजरी करपली. तुमच्या कोकणात भाजतात की जाळतात गं?"

"तुमच्या नगरात सगळ्यांचं नाक एवढंच लांब असतं का?"

असं बोलत दोघी मला घेऊन दारोदार विकायला जात. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा मुलुंडच्या एका बाईने मसाला हुंगला, खूश झाली. मग तिची नजर माझ्यावरच्या आडनावावर गेली. तिने पुडी खाली ठेवली. "नको. आमच्याकडे सोवळं असतं," म्हणाली. सोनूबाईने पुडी उचलून पिशवीत टाकली. कुंदा माझ्यावरचं नाव पाहत जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी कुंदा म्हणाली, "सोनू, डबा दे गं, कल्हई करून आणते." कल्हई झाली. पण त्याच दुकानात तिने कानशीने माझ्यावरचं नाव घासून काढायला लावलं आणि तिथे 'कुंदा' असं वरवर कोरून घेतलं. आठ दिवसांनी सोनूबाई मला मागायला आली. कुंदाने दारातच सांगितलं, "हरवला गं रिक्षात." मी दारामागच्या फळीवर होतो. ठणकन खाली पडलो असतो तरी पुरलं असतं. मी पडलो नाही.

वर्षभरात कुंदाने चाळ सोडली. धंदा वाढला, सत्कार झाले. पाहुणे आले की ती मला हातात घेऊन आजीची गोष्ट सांगायची. पुढे तर सांगताना तिचे डोळेही भरायचे.

यंदा तिच्या मुलीने, रुचिराने, घरी सांगितलं की प्रबुद्धशी लग्न करायचं आहे. कुंदा म्हणाली, "मुलगा चांगला आहे गं. पण आपल्या घरात हे चालणार नाही." त्याच आठवड्यात खंडेनवमीच्या पूजेसाठी रुचिरा मला चिंचेने घासत होती. आतली कल्हई झिजली होती. तिच्या बोटांना उलट्या अक्षरांचे उंचवटे लागले. तिने आतला फोटो काढला, मोबाइलवर उलटा करून वाचला. मग मला आईच्या टेबलावर ठेवलं.

"सोनूबाई साळवे कोण?"

कुंदा खुर्चीत बसली. "शेजारीण होती."

"तुझी आजी सावंतवाडीची, मग तिथे येसूर कोण करतं, हे मी लहानपणापासून विचारतेय. साळव्यांचा मसाला चालतो, प्रबुद्ध चालत नाही?"

कुंदाने कपाटाच्या काचेत स्वतःकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तिने सगळं सांगितलं, कल्हईपासून रिक्षापर्यंत. रुचिरा म्हणाली, "हे सोनूबाईंना जाऊन सांग. नाहीतर मी या घरातून जाते."

जुन्या चाळीत विचारल्यावर कळलं, सोनूबाई आता दिंडोशीला राहते. मायलेकी मला घेऊन गेल्या. सोनूबाईने दार उघडलं, माझं झाकण काढून आत पाहिलं.

"रिकामाच आणलास?"

शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे कुंदा विसरली होती. ती म्हणाली, "काय घालणार होते सोनू? तुझाच येसूर?"

"तो खाते मी. लेक आणते पुडी. बाजरी अजून करपवतेस."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगायचं? तुझ्या आजीला?"

कुंदा खाली बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली. सोनूबाईने तिला पाणी दिलं, पण पाठीवर हात ठेवला नाही. एवढंच म्हणाली, "आधी माझं नाव घालून आण. मग बघू."

आम्ही घाटकोपरला भांड्यांच्या दुकानात गेलो. कारागिराने मला उजेडात धरलं. "पत्रा पार पातळ झालाय बाई. आता ठोका मारला तर भोक पडेल."

 तेव्हा कुंदाने स्वतःचं नाव तेवढं घासून काढायला सांगितलं. मरोळला येऊन पुडीवरची आजी काढायला लावली. घरी तिने स्वतः बाजरी भाजली, करपू न देता, आणि येसूर माझ्यात भरून दिंडोशीला पोचवला. रुचिरा सोबत होती. परतताना दोघी माझ्याशिवाय गेल्या.

आता मी सोनूबाईच्या ओट्यावर आहे. माझ्यावर कुणाचंच नाव नाही. ती मला पुसताना त्या झिजलेल्या जागेवर हात हळू फिरवते. मित्रांनो, भांडं चेपलं तर ठोकून सरळ करता येतं. दुसऱ्याचं नाव मात्र कधी खरवडू नका. आणि कुणी खरवडत असेल, तर माझ्यासारखे फळीवर गप्प बसू नका.