वखारीचा सज्जा

मामा उलटा चालायचा. पाहुण्यांकडे तोंड, इमारतींकडे पाठ, आणि बोलता बोलता मागे न बघता हात वर. हात जाईल तिथे कमान असायचीच. जुन्या बंदरातल्या गल्ल्या त्याने इतकी वर्षं दाखवल्या होत्या की मामी म्हणायची, "या माणसाला सरळ चालायला लावलं तर ठेचकाळेल."

गेल्या वर्षभरात त्याच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं दिसायचं नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती कळायच्या, सायकल आली तर तो बाजूला व्हायचा. पण कोणाकडे रोखून बघितलं की चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. हे डॉक्टरांना, मामीला आणि मला ठाऊक होतं. सहली काढणाऱ्या कचेरीला कळलं असतं तर त्याच दिवशी त्याच्या फेऱ्या बंद.

"घरी बसवलंत ना, तर खुर्चीतच वाळून जाईन," असं तो एकदा जेवताना म्हणाला. मामी ताटावरून उठून गेली.

म्हणून भूशास्त्राची पदवी हातात घेऊन मी त्याची शेपटी झाले. घोळक्याच्या मागे चालायचं, रेंगाळणाऱ्यांना पुढे हाकायचं आणि रस्त्यात नवीन खड्डा दिसला की खोकायचं.

त्या सकाळी तो रंगात होता. "ही माझी भाची, दगडूबाई. इमारतीचं मला विचारा, दगडाचं हिला. लग्नाचं मात्र कोणी विचारू नका, हातात कायम हातोडी असते." सगळे हसले.

वखारीच्या गल्लीत वळलो आणि मला दिसलं. सज्जा नव्हता. भिंतीवर तुळयांची चौकोनी भोकं तेवढी उरली होती. मी खोकले. मामाने खड्डा समजून पाय जपून मागे टाकला. मी आणखी जोरात खोकले, तर एका बाईंनी मला पाण्याची बाटली दिली.

"आणि हा बघा," मामाचा हात वर गेला, "या बंदरातला सगळ्यात देखणा सज्जा. अख्खा सागवानी. कठड्यावर वेली, आणि वेलीत लपलेला एक पोपट. व्यापाऱ्याची बायको इथे उभी राहून शिडांची वाट बघायची. सापडला का पोपट?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"अहो, सज्जा कुठाय?" टोपीवाले आजोबा म्हणाले.

"डोक्यावर, साहेब. मानेला जरा त्रास द्या."

"दिला हो. नुसती भोकं आहेत."

मामा वळला. मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघितलं असतं तर त्याला कळलं असतं; एरवी तो तसंच करायचा. आज मात्र त्याने सरळ वर पाहिलं आणि पाहतच राहिला.

"दगडूबाई," तो म्हणाला, "तिथून गेलाय, की माझ्या डोळ्यांतून?"

घोळक्यातल्या माना त्याच्याकडे वळल्या. मी वाट काढत पुढे गेले.

"तिथून गेलाय, मामा. भोकांच्या कडांचा चुना ताजा फुटलेला आहे. काल-परवाच उतरवला असणार."

"नक्की?"

"नक्की."

त्याने श्वास सोडला. क्षणभर त्याला हायसं वाटलं असावं. मग त्याने लोकांकडे तोंड केलं आणि आपण हे मोठ्याने विचारलं हे त्याच्या ध्यानात आलं. "तर मंडळी," असं म्हणून त्याने सुरुवात केली, पण वर जाणारा हात मध्येच खाली आला.

"अहो, आधी सांगायचं ना," आजोबा हळूच म्हणाले. कोणीच रागावलं नाही. रागावले असते तर मामाने त्यांना हसवून वेळ मारून नेली असती. बाटलीवाल्या बाईंनी पुढे होऊन त्याचा दंड धरला. "चला काका, सावकाश. आम्हाला काही घाई नाही."

आम्ही निघालो. मामा पहिल्यांदाच सगळ्यांसारखा सरळ चालत होता, घोळक्याच्या मधून. गल्लीच्या टोकाला एक पायरी आहे, जहाजाच्या तळाला भार म्हणून आलेल्या परक्या दगडाची. तिच्यावर उभं राहून तो दर फेरीत त्या दगडाची गोष्ट सांगायचा.

"काका, पायरी आहे हं," बाई म्हणाल्या.

"हो का?" मामा म्हणाला. "बरं झालं सांगितलंत, ताई." आणि तो न थांबता उतरला.