कालचं आधी

त्या घरात आजचं अन्न आज कुणी खाल्लेलंच नव्हतं. आज शिजलेलं उद्या, कालचं आज. "कालचं आधी," असं सासूबाई म्हणत, आणि फ्रीजमधला डबा ओट्यावर येई. भात उरला की त्याच्या वड्या, पाव वाळला की त्याचा चुरा, भाजीच्या देठांचं सूप, बटाट्याच्या सालींनी सिंक घासायचं. साबणाच्या झिजलेल्या पापुद्र्यांनासुद्धा एकमेकांना चिकटून पुन्हा संसार करावा लागे.

सुनेला सुरुवातीला कौतुकच वाटलं होतं. पण लेक दहा महिन्यांची झाली, वरचं खाऊ लागली, आणि एका महिन्यात दोनदा तिचं पोट बिघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला ताजं भरवा." एवढंच.

घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "भरव की. कालचं संपलं की ताजंच आहे."

म्हणजे कालचं संपवायला हवं. तिने अगदी मोजून शिजवून पाहिलं. सासूबाई दोन घास कमी जेवल्या आणि वाटी झाकून ठेवली. टाकून द्यायची सोय नव्हती, कारण सालींसाठी कचऱ्याचा डबा त्या स्वतः निवडत. नवरा बूट चढवत म्हणाला, "तुम्ही दोघी बघा ना गं. मला कशाला अडकित्त्यात धरता?"

शेवटी आज सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या, तशी तिने फ्रीज उघडला आणि उभ्या उभ्या, गार, सगळं खाल्लं. भात, बटाट्याची भाजी, पावाचा चुरा. घशाशी आलं तरी थांबली नाही. डबे विसळून पालथे घातले.

सासूबाईंनी येऊन फ्रीज उघडला. "कालचं कुठंय?"

"खाल्लं मी."

"सगळं?" त्या तिच्याकडे नाही, रिकाम्या फळीकडे बघत होत्या. आवाज रागावलेला नव्हता, भ्यालेला होता. "अगं, मग घरात आहे काय?"

तिने तांदळाचा डबा पुढे ओढला. "आता करते ना, आई. ताजं."

भात झाला. झाकण निघताच सासूबाईंनी सवयीने अर्धा डब्यात काढला.

"आई, आधी बाळाचं!"

"घे बाई. नातीला कोण नाही म्हणतंय?"

तिने भात बोटांनी मऊ केला, फुंकर मारली. लेकीने पाखरासारखा 'आ' केला. एक घास, दुसरा, तिसरा. हनुवटीवर शितं, डोळे मिटलेले, पाय हलताहेत. चौथ्या घासाला तिने मान फिरवली. पोराचं पोट ते केवढं! अर्धी वाटी उरली.

सासूबाईंनी झाकणाची छोटी डबी पुढे धरली. "दे. उद्या सकाळी होईल तिला."

तिने डबीकडे पाहिलं. पोटात तसूभर जागा नव्हती. तरी तिने वाटी स्वतःच्या तोंडाला लावली आणि एकेक घास आत ढकलला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा खुलला. "शाब्बास," तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "आता कशी या घरची झालीस!"