चौथा कापूस

आमच्याकडे ससा मरत नाही. मोठ्या प्राणिसंग्रहालयात वाघ मेला की पेपरात फोटो येतो, आमचं पडलं लहान मुलांचं. इथे मुलांनी यायचं, हात धुवायचे, बुटक्या बाकावर मांडीवर टॉवेल घेऊन बसायचं, सशाला हात लावायचा, शेळीला पाला भरवायचा, मातीच्या ट्रेमध्ये गांडूळ शोधायचं आणि हसत घरी जायचं. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की यात मरण बसवायचं कुठे? म्हणून ससा मेला की तसाच दुसरा आणतात. पांढरा, एक कान तपकिरी, नाव कापूस. फाटकावरच्या पाटीवर कापूसचा फोटो आहे, दुकानात त्याच्या चित्राचे कप आहेत. त्याला मरायची सोय नाही.

मी तिथली स्वयंपाकीण. प्राण्यांची. सकाळपासून गाजरं चिरायची, पालेभाज्या निवडायच्या, शेळ्यांचा भरडा कालवायचा. माझं तोंड फटकळ, म्हणून साहेबांनी मला मुलांसमोर कधी उभं केलं नाही, आणि ते त्यांनी शहाणपणाचंच केलं. मुलांसमोर असायची ताई. सगळी पोरं तिला ताई म्हणायची, म्हणून आम्हीही.

घाबरलेलं जनावर माणसाळवावं तर ताईनं. नवीन प्राणी आला की ती पिंजऱ्यावर चादर टाकायची. आधी नुसता तिचा आवाज. मग तिच्या अंगावरचा एखादा जुना रुमाल आत, वासाची सवय व्हावी म्हणून. मग चादर थोडी वर. हात सगळ्यात शेवटी, तोही त्या प्राण्यानं नाक पुढे केलं तरच. ‘आपण ओढलं की ते जन्मभर मागे सरतं,’ असं ती म्हणायची. मला एवढा धीर नाही. मी आपली कोबी चिरते.

ताईनं लग्न केलं नव्हतं. आमच्या आवाराच्या मागे कामगारांच्या खोल्या आहेत, तिथे ती भाऊ, वहिनी आणि त्यांची लेक बिट्टी यांच्यासोबत राहायची. तिची आणि माझी भिंत एकच. बिट्टी शाळेतून सुटली की दप्तरासकट माझ्या स्वयंपाकघरात यायची, गाजराची शेंडी तोंडात टाकायची आणि दिवसभरातल्या भानगडी सांगायची. सात वर्षांची पोर, पण नजर अशी की कोंबडीचं एक पीस गळलं तरी हिला कळावं.

तिसरा कापूस एका वाढदिवसाला गेला. ज्याचा वाढदिवस तोच मुलगा. बसून राहा म्हटलं तर ससा घेऊन उभा राहिला, फोटोसाठी. सशानं मागचे पाय झाडले, मुलानं हात सोडले, खाली फरशी. सशाचा कणा फार नाजूक असतो, एवढ्यानं मोडतो. ताईनं त्याला टॉवेलात गुंडाळून आत आणलं तेव्हा मागचे दोन्ही पाय चिंधीसारखे लोंबत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. बाहेर मुलं केक खात होती.

दोन दिवसांत ताईनं चौथा आणला; आणायचं काम नेहमी तिचंच. बिट्टीनं त्याच्यासमोर उकिडवं बसून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “आत्या, हा कापूस नाही.”

समोर शाळेचा अख्खा वर्ग रांगेत, शेजारी बाई उभ्या. ताईनं हसून सांगितलं, “तोच आहे गं. आजारी होता ना, म्हणून वेगळा दिसतो.”

बिट्टीनं सशाचा मागचा पाय उचलून पाहिला. संध्याकाळी माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, “मावशी, ह्याच्या तळपायाला काळा डाग आहे. त्याला नव्हता.” मी मूग गिळून गाजरं चिरत राहिले. पगार साहेबच देतात.

त्याच सुमारास वहिनीचं पोटाचं दुखणं वाढलं. तिला दवाखान्यात ठेवलं आणि ती तिथेच राहिली. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत, त्यामुळे बिट्टीनं तिला कित्येक आठवडे पाहिलं नव्हतं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच न्या, इथे ठेवून काही उपयोग नाही.

वहिनी घरी आली तेव्हा मी पातेल्यात सूप घेऊन त्यांच्याच दारात उभी होते. खरं सांगते, मीसुद्धा तिला ओळखलं नाही. मूळची भरल्या अंगाची, लांब केसांची बाई. आता डोक्यावर केस नाहीत, रंग पिवळा पडलेला, नाकात नळी, गालाची हाडं वर आलेली. आवाज तर कुणा म्हाताऱ्याचा वाटावा असा. बिट्टी दप्तर घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

“ये ना, आई आली,” भाऊ म्हणाला.

पोर हलेना. तेव्हा ताई तिच्याजवळ गेली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आजारी आहे ना, म्हणून वेगळी दिसते.”

तेच शब्द, तोच आवाज, तेच हसू. ताईच्या ते लक्षातही आलं नाही. बिट्टीनं एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा खाटेकडे, आणि पाठ न वळवता एकेक पाऊल मागे सरत माझ्या खोलीत निघून आली.

“ती आई नाही,” ती मला म्हणाली. “आई मेली. त्यांनी दुसरी आणली.” थोड्या वेळानं परत म्हणाली, “आणि नीट जुळवूनपण आणली नाही.”

त्या दिवसापासून ती माझ्याकडेच जेवू-झोपू लागली. पलीकडे वहिनीनं एकच धोशा लावला होता. औषध नको, खाणं नको, फक्त बिट्टीनं एकदा जवळ येऊन बसावं. जायच्या आधी एकदा. भावानं पोरीला उचलून आत न्यायचा प्रयत्न केला. ती किंचाळली, त्याच्या मनगटाला चावली. “ही माझी नाही, हिला परत द्या,” असं ओरडत राहिली, आणि वहिनीनं ते सगळं ऐकलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. भाऊ बाहेर येऊन पायरीवर बसला आणि रक्त आलेलं मनगट शर्टाला पुसत राहिला.

“तू जबरदस्ती करू नकोस,” ताई त्याला म्हणाली. “माझ्यावर सोड.”

मी तिला मागच्या नळावर गाठलं. “आधी तिला सशाचं खरं सांग.”

“ते सांगितलं तर ती माझ्या कशावरच विश्वास ठेवणार नाही.”

“आत्ता कुठे ठेवतेय?”

“हळूहळू येईल. मला माझं काम माहीत आहे.”

“वहिनीकडे हळूहळूला वेळ आहे का?”

ती बादली उचलून निघून गेली. मला तिचा असा राग आला की संध्याकाळचा भरडा मी दुप्पट कालवला आणि शेळ्यांची चैन झाली.

ताईनं तिची पद्धत सुरू केली. वहिनीची ओढणी आणून बिट्टीच्या उशाखाली ठेवली. बिट्टीनं वास घेतला. “औषधाचा येतोय,” म्हणाली, पण ओढणी फेकली नाही. मग ताईनं वहिनीची खाट आमच्या सामाईक भिंतीला लावली आणि तिला रोज संध्याकाळी थोडं बोलायला सांगितलं. वहिनीला बोलताना धाप लागायची. तरी ती बोलायची, जुनंपानं, बिट्टी लहान असतानाचं. इकडे पोर भिंतीला कान लावून बसायची आणि मला सांगायची, “आवाजपण चुकीचा काढते.”

एकदा मात्र तिनं विचारलं, “तिला कसं माहीत मला दुधावरची साय आवडत नाही?”

“आईला माहीत असणारच.”

“तिला विचार, मी लहानपणी काय गिळलं होतं.”

मी गेले. वहिनी डोळे मिटून पडली होती. मी विचारलं तर कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांवर हसू आलं. “बटण. निळं. बाबांच्या शर्टाचं,” ती म्हणाली. मी धावत परत आले. बिट्टीनं ऐकलं, नखं कुरतडली आणि म्हणाली, “आत्यानं शिकवलं असेल.” पण त्या रात्री ती ओढणी गळ्याशी घेऊन झोपली. ताईला मी ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. “बघ, नाक पुढे करतेय,” ती म्हणाली.

वहिनीच्या पायांवर सूज चढली. श्वास घेताना आवाज येऊ लागला. नर्स येऊन गेली, तिनं ताईला दाराबाहेर नेऊन काहीतरी सांगितलं, आणि ताईचा धीर पहिल्यांदा सुटला. ती तडक माझ्या स्वयंपाकघरात आली, बिट्टीचा हात धरला आणि तिला कंपोस्टच्या खड्ड्यामागे घेऊन गेली. मीही मागोमाग गेले, हातात सुरी तशीच.

“इथे कापूस पुरलाय,” ताई म्हणाली. “तीन. तू हल्ली बघतेस तो चौथा. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

“मला माहीत होतं,” बिट्टी म्हणाली.

“मग पुन्हा का बोलली नाहीस?”

“तुम्ही सगळेच तसं म्हणत होता.”

ताई खाली चिखलात बसली. “बिट्टी, सशाचं खोटं होतं. आईचं खोटं नाही. आई तीच आहे. आजारानं तिची अशी दशा झालीय आणि ती आता जगणार नाही. तिला तू हवी आहेस.”

पोर पायानं माती उकरत राहिली. “सशाच्या वेळी पण तू असंच डोळ्यांत बघून सांगितलं होतंस.”

ताई हाताला लागलेला चिखल पुसत राहिली. मग बिट्टी स्वतःच म्हणाली, “मी बघेन. हात लावून बघेन. मग सांगते. उद्या, शाळेतून आल्यावर.”

“उद्या कशाला?” मी म्हटलं. “आत्ता चल की.”

ताईनं माझं मनगट पकडलं. “ती आपणहून म्हणालीय. आता ओढू नकोस. ओढलंस तर सगळं मुसळ केरात.” तिचा चेहरा मी सशांच्या पिंजऱ्यासमोर शंभरदा पाहिला होता तसाच होता, अगदी खात्रीचा. त्या चेहऱ्यापुढे मी नेहमीच माघार घेत आले, तेव्हाही घेतली.

वहिनीला कळल्यावर तिनं मला तोंड पुसून द्यायला लावलं. डोक्याला रुमाल बांधून घेतला, नको म्हणून सोडवला, पुन्हा बांधला. आरसा मागितला आणि मी आणून दिला तर बघितलाच नाही. “नळी काढता येईल का तेवढ्यापुरती?” असं विचारलं. नर्सला विचारते, म्हटलं मी.

दुसऱ्या दिवशी, बिट्टी शाळेत असताना, वहिनी गेली. मी तिला पाणी पाजत होते. एक घोट आत गेला, दुसरा बाहेर आला.

दुपारी बिट्टी आली तेव्हा दारात चपला होत्या, शेजारीपाजारी होते. भाऊ पुढे झाला आणि माझ्या कानाशी लागला, “तिला तुमच्याकडे घेऊन जा. सांगा, आईला परत दवाखान्यात नेलंय. नंतर सांगू काहीतरी.”

मी बोलायच्या आत ताई खाटेजवळून उठून आली. रडून तिचे डोळे सुजले होते. “नाही,” ती भावाला म्हणाली. मग बिट्टीसमोर वाकली. “आई मेली, बिट्टी. सकाळी. मी तुला काल आणायला हवं होतं. मी आणलं नाही.”

बिट्टीनं दप्तर काढून मला दिलं आणि माणसांमधून वाट काढत आत गेली. नळी काढलेली होती. ती खाटेच्या कडेला टेकली आणि तिनं वहिनीचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. आधी वरून पाहिला, मग उलटा करून पाहिला. बोटं एकेक करून उघडली. करंगळी किंचित वाकडी होती, ती तिनं आपल्या करंगळीशेजारी धरली. कानामागे पाहिलं. मानेवरचा तीळ बोटानं चोळून पाहिला, पुसला जातो का. मला ते बघवत नव्हतं, आणि नजरही हटेना.

“आईच आहे,” ती म्हणाली.

भाऊ भिंतीला टेकून तसाच खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. बिट्टी रडली नाही. तिनं आईचा हात खाटेवर नीट ठेवला, बाही मनगटापर्यंत ओढली आणि आमच्याकडे वळली.

“आता हिच्या जागी कुणाला आणू नका.”

“नाही गं, बाळा, कुणाला आणणार?” भाऊ म्हणाला.

“तुम्हाला नाही सांगत, बाबा,” ती म्हणाली. “आत्याला सांगतेय. आणायचं काम आत्याचं असतं.”