मोज्यांवर उडालेलं विमान

या जगात संपूर्ण सत्य बोलणारे फार थोडे. राजे खोटं बोलतात, वर्तमानपत्रं खोटं बोलतात, आणि वजनाचा विषय निघाला की साधुसंतसुद्धा दोन-चार किलो स्वतःजवळ ठेवूनच बोलतात. मी मात्र उभ्या आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही. फक्त मला अधूनमधून एक लाथ घालावी लागते. त्याशिवाय माझा काटा जागचा हलत नाही.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीत ब्लाइंड कॅमल नावाची सोन्याची खाण आहे. तिच्या धावपट्टीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. ब्लाइंड कॅमल म्हणजे आंधळा उंट. उंट तिथे अजून आहेत. मी पाहिलेल्या सगळ्यांना उत्तम दिसत होतं.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला, तोही लोकरीच्या गाठींसाठी. बिडाचा पाया, ताटाएवढी तबकडी आणि लांबसडक काळा काटा. रंग देऊन झाल्यावर कारागीर दोन पावलं मागे सरकला, मला न्याहाळून म्हणाला, "हा आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील." पुढे तो गेला, कारखाना गेला, लोकरीचा धंदाही बसला. मी राहिलो. मग भाड्याने विमानं चालवणाऱ्या एका कंपनीने मला विकत घेतलं आणि मी माणसं तोलू लागलो.

लोकरीची गाठ आणि माणूस यांत मोठा फरक आहे. गाठ माझ्यावर चढताना पोट आत ओढत नाही. माणूस ओढतो. काहीजण एक टाच हळूच उचलतात. काहीजण छताकडे पाहतात, जणू वजन वरून पडणार आहे. मी कुणालाच काही म्हणालो नाही. आकडा दाखवला आणि गप्प बसलो.

खाणीतली माणसं दोन आठवडे कामावर राहायची आणि एक आठवडा पर्थला घरी जायची. येणं-जाणं विमानाने, कंपनीच्या खर्चाने. एवढ्यावरही ती नाराज दिसू लागली तेव्हा कंपनीने प्रत्येकाला एकेक सोनेरी कार्ड दिलं. ते दाखवलं की विमानात आधी चढता यायचं, आणि पर्थच्या विमानतळावर मऊ खुर्च्यांच्या खास दालनात फुकट बसता यायचं. दिवसभर खरं सोनं खणणारा माणूस सोनेरी प्लास्टिकवर एवढा खूश होतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अडचण एवढीच झाली, की कार्ड सगळ्यांनाच मिळालं. त्यामुळे सगळेच आधी चढू लागले आणि रांग होती तेवढीच राहिली.

मग आमच्या शेडमध्येही असंच एक दालन झालं. म्हणजे शेडचा अर्धा भाग सोनेरी दोरीने वेगळा केला, खाली लाल गालिचा अंथरला आणि कोपऱ्यात कॉफीचं यंत्र ठेवलं. दोरीच्या आत माणसं खांद्याला खांदा लावून उभी असायची. बाहेरच्या भागात मी, पाण्याचं पिंप, आणि ठेकेदाराचे एक-दोन कामगार. त्यांना कार्ड नव्हतं, त्यामुळे त्यांना ऐसपैस बसायला मिळायचं.

या दालनाचा अभिमान सर्वांत जास्त कुणाला, तर खाणीचे मुख्य साहेब मर्व्हिन पास्को यांना. कॉफीच्या कॅप्सूल दर आठवड्याला संपायच्या, म्हणजे यंत्रात घालायच्या कॉफीच्या छोट्या डब्या, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'एका माणसाला एकच. चोराची गय केली जाणार नाही.' आणि शेडचा सगळा कारभार पाहायची ग्लेनिस. साठीची, आवाजाने भोंगा, मनाने लोणी. रोज पहिलं वजन घेण्याआधी मला लाथ घालायची ती हीच.

मित्रांनो, आता त्या दिवसाचं सांगतो.

भर उन्हाळ्याची दुपार होती. हवा इतकी तापली होती की समोरची टेकडी पाण्यातल्यासारखी हलत होती. नेहमीचं मोठं विमान बिघडलं म्हणून छोटं, पंख्यांचं विमान आलं होतं. वैमानिक होती ब्रॉन्टी नावाची सडपातळ, शांत मुलगी. तिने येताच सांगितलं, "तापलेली हवा विमानाला नीट उचलत नाही. मी कमी वजन घेऊन उडणार. बॅगा सगळ्या इथेच राहतील, उद्या ट्रकने येतील. माणसं तेवढी चला."

बॅगा नाहीत म्हटल्यावर घरी जाणाऱ्या अठरा जणांनी काय केलं असेल? त्यांनी बॅगेतलं सामान अंगावर चढवलं. त्या भट्टीत माणसं दोन-दोन जाकिटं घालून माझ्यासमोर रांगेत उभी राहिली. खिसे टम्म फुगलेले, चेहरे टोमॅटोसारखे.

"काय रे क्लॅरी," ग्लेनिस एका किरकोळ म्हाताऱ्या वायरमनला म्हणाली, "पर्थला बर्फ पडतंय वाटतं?"

"कसर आहे अंगात," क्लॅरी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला.

"मागच्या खेपेला तुझं वजन छप्पन्न होतं. आज एकसष्ट. कसर पाच किलोची?"

एवढ्यात दारातून रावीरी आत आला. रावीरी न्यूझीलंडचा, तिथल्या मूळ माओरी लोकांतला, ठेकेदाराकडे मातीचा ट्रक चालवणारा. दारातून यायला त्याला जरासं तिरकं व्हावं लागायचं. त्याची सुट्टी आठवडाभर पुढे होती. पण सकाळीच फोन आला होता, की त्याची आजी गेली.

"मावशी," तो ग्लेनिसला म्हणाला, "मला आज जायला हवं. तिने वाढवलंय मला. आमच्यात मयताला एकटं ठेवत नाहीत. सगळे तिच्या उशाशी बसलेत, मी तेवढा नाही. संध्याकाळचं ऑकलंडचं विमान चुकलं तर मी पोचेपर्यंत माती झालेली असेल."

ग्लेनिसने मला एक लाथ घातली आणि त्याला माझ्यावर उभं केलं. काटा सरसर फिरत गेला. एकशे अडतीस.

विमानात खुर्ची एक रिकामी होती. पण तापलेल्या हवेत खुर्ची रिकामी असून भागत नाही, वजनालाही जागा लागते. ब्रॉन्टीने हिशेब केला आणि मान हलवली. "सत्तर किलो जास्त होतात. मला वाईट वाटतं. पण नाही."

दोरीच्या आतले लोक एकाएकी गालिच्याची नक्षी पाहू लागले. गालिच्याला नक्षी नव्हती.

"मी राहतो मागे," क्लॅरी म्हणाला.

"जाकीट काढलं तर तुझं वजन त्याच्या एका पायाएवढं भरत नाही," ग्लेनिस म्हणाली. "तुझ्यासारखे दोन सुद्धा लागतील कदाचित."

"आणि कुणाला मागे ठेवून मी जायचा नाही," रावीरी म्हणाला. "आजीने बघितलं तर उठून बसेल. पहिली चापट मलाच मारेल."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी माझं मन डळमळलं. एवढासा काटा मागे ठेवला असता तर कुणाला कळलं असतं? पण विमानाला कणव कळत नाही. त्याला फक्त वजन कळतं. पट्टीच्या टोकाला काय होईल, ते ना आजीला हवं होतं ना मला. मी बिडाचे पाय घट्ट रोवून उभा राहिलो. ठरवलं, की या माणसाला पोचवायचं, पण खऱ्या आकड्यावर पोचवायचं.

ग्लेनिसनेही तेच ठरवलं असावं. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"जाकिटं काढा. खिसे रिकामे करा. टेबलावर. सगळ्यांनी."

एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. भोजनगृहातले केक. जॅमच्या बाटल्या. गोठवलेली सॉसेजं, जी आता गोठलेली नव्हती. क्लॅरीच्या अस्तरातून दगड निघाले. त्यात सोनं आहे असं त्याचं म्हणणं होतं, नाही असं बाकी सगळ्यांचं. एकाकडे लोखंडी डंबेल निघालं.

"हे कशाला रे घरी नेतोस?"

"बायकोला दाखवायला. व्यायाम करतो म्हणून."

शेवटी उरले पास्कोसाहेब. ते हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या जाकिटातून बारीक खुळखुळ ऐकू येत होती.

"साहेब," ग्लेनिस म्हणाली, "तुमचं वजन मला पाठ आहे."

पास्कोसाहेबांनी रावीरीकडे पाहिलं. रावीरी पाटीखाली उभा होता, म्हणजे साहेबांना पाटीही दिसलीच. मग त्यांनी जाकीट काढून टेबलावर उलटं केलं. कॉफीच्या कॅप्सूलचा ढीग पडला, काही घरंगळत माझ्यापर्यंत आल्या.

"अगदीच थोड्या होत्या," साहेब म्हणाले.

कुणी हसलं नाही. म्हणजे लगेच हसलं नाही.

ब्रॉन्टीने पुन्हा हिशेब केला. "अजून तीस."

आता काढण्यासारखं कुणाच्या अंगावर काही राहिलं नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं. खाणीच्या आवारात पायातले लोखंडी टोकाचे बूट काढायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम. काढलेला दिसला की नोकरी गेली. त्यामुळे ते बूट माणसाला पायाचाच भाग वाटू लागतात. पायाचं वजन कमी करावं असं कुणाला सुचतं का?

सुचलं पास्कोसाहेबांना. हा नियम मोडला म्हणून त्यांनी आजवर कितीजणांना घरी पाठवलं होतं. ते खाली बसले आणि नाड्या सोडू लागले.

"साहेब, हे आवार आहे," क्लॅरी घाबरून म्हणाला.

"मला माहीत आहे ते आवार आहे. काढ तुझे."

अठरा जोड निघाले. शेडमध्ये असा वास सुटला की ब्रॉन्टी बाहेर जाऊन हिशेब करून आली. "तीन किलो," ती म्हणाली. "फक्त तीन. पण तीन."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एकाने केस कापायची तयारी दाखवली. मग ग्लेनिसची नजर खाली गेली.

"अरे राजा," ती रावीरीला म्हणाली, "तुझे बूट कुणाचा बाप काढणार?"

त्याने खाली पाहिलं. इतकी माणसं आपल्यासाठी मोज्यांवर उभी आहेत, हे पाहण्यात त्याला स्वतःचे पाय आठवलेच नव्हते. बूट कसले, होड्याच त्या. ते काढून तो माझ्यावर चढला. काटा एकशे अडतीसवरच थांबला.

मी जोर लावत होतो, पण धुळीने माझं कंबरडं धरलं होतं.

ग्लेनिसने मला अशी लाथ घातली की तिची बोटं आठवडाभर सुजलेली होती. काटा थरथरला आणि झरझर खाली आला. एकशे पस्तीस. ब्रॉन्टीने त्याला उतरवून पुन्हा चढवलं. एकशे पस्तीस. मग पुन्हा एकदा. तोच आकडा.

"चला," ती म्हणाली.

बाहेर डांबर तव्यासारखं तापलं होतं. ग्लेनिसने दालनाचा लाल गालिचा ओढून काढला आणि विमानाच्या दिशेने अंथरला. तो अर्ध्या वाटेपर्यंतच पुरला. पुढच्या अर्ध्या वाटेत मोठमोठी माणसं मोज्यांवर जी नाचत गेली, तो नाच मी विसरणार नाही. बुटांचे जोड हरवू नयेत म्हणून तिने ते सोनेरी दोरीत ओवून ठेवले. ती दोरी पुन्हा दालनाला लागली नाही.

पर्थला उतरल्यावर आमचे अठराजण मोज्यांवरच त्या खास दालनापाशी गेले आणि सगळ्यांनी सोनेरी कार्डं पुढे केली. दारावरची बाई म्हणाली, "माफ करा, पायात काही नसेल तर आत सोडत नाही." रावीरी त्यांच्यात नव्हता. तो ऑकलंडच्या विमानाकडे धावत सुटला होता.

दोन आठवड्यांनी तो परतला. आल्या आल्या माझ्यावर उभा राहिला. चार किलो वाढला होता. त्यांच्यात मयताला आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत.

"पोचलास?" ग्लेनिसने विचारलं.

"शवपेटीचं झाकण लावायच्या आत पोचलो. वाटेत माझ्या मापाची चप्पल कुठे मिळाली नाही, तसाच गेलो." तो माझ्यावरून उतरला. "मावशी, आमच्यात मयत ठेवलेल्या घरात शिरताना बूट बाहेर काढायचे असतात. सगळे वाकून काढत बसले होते. मी थेट आजीपाशी गेलो."

ग्लेनिस पाण्याच्या पिंपाकडे वळली आणि बराच वेळ एकच पेला भरत राहिली.

मित्रांनो, पुढे धावपट्टी लांब झाली, मोठी विमानं आली. आता कुणाला तोलत नाहीत, प्रत्येकाचं वजन ठरावीक धरतात. मला भोजनगृहाच्या मागच्या दाराशी ठेवलं आहे. माझ्यावर बटाट्यांची पोती चढतात. बटाटे पोट आत ओढत नाहीत, त्यामुळे माझा वेळ शांततेत जातो. पण तुमच्याजवळ माझ्यासारखं एखादं जुनं, खरं बोलणारं यंत्र असेल, किंवा माणूस असेल, तर त्याला अडगळीत टाकू नका. त्याची धूळ झटका, सांध्यांना तेल द्या. एखाद्या दिवशी कुणाचं तरी पोचणं त्याच्यावर अवलंबून असेल.

आणि लाथ घालायचीच झाली, तर उजव्या बाजूने घाला. डावीकडचा पत्रा ढिला झाला आहे.