सिप्रियानाची अट

सिप्रियानाने लग्नाला कधी नकार दिला नव्हता. तिने फक्त अट घातली होती, आणि ती अट आमच्या अल्गारोबाल गावात शेंबड्या पोरालाही पाठ होती. तिच्यासोबत राहणाऱ्या रोसेन्दोने ज्या पाईपलाईनला जोड दिले, त्यातला गॅस तिच्या घरात पेटला की त्याच दिवशी ती त्याच्याशी लग्न करणार होती.

ही अट घातली तेव्हा त्यांची थोरली लेक लिदिया नुकती रांगायला लागली होती. मी लिदियाची धर्ममाता, म्हणून सिप्रियाना मला कोमाद्रे म्हणते आणि मी तिला. लग्नाआधी एकत्र राहण्याचं आमच्या चाको भागात कुणाला काही वाटत नाही. आधी घर उभं राहतं, पोरं होतात, मग सवडीने पाद्री सापडतो. पण सिप्रियानाने ही सवड जरा जास्तच ताणली.

रोसेन्दो तेव्हा पाईपलाईनवर वेल्डर होता. डोंगरात गॅसच्या विहिरी, आणि तिथून निघालेली जाडजूड पाईप आमच्या शेतांखालून, शेळ्यांच्या वाड्यांखालून दक्षिणेकडे सरहद्दीपार गेलेली. एका शनिवारी तो कामावरून आला, अंघोळ केली, केसांना तेल लावलं आणि लग्नाचं विचारायला स्वयंपाकघरात शिरला. मी तिथेच मक्याचे दाणे सोलत होते. सिप्रियाना ओल्या लाकडांवर फुंकर घालत होती. डोळे लालभडक, नाकाला काजळी.

त्याने विचारलं. ती वळलीच नाही.

"तुझ्या त्या पाईपमधला गॅस जातो कुठे रे?"

"लांब. पलीकडच्या देशात. तिथल्या बायका नुसती काडी ओढतात, की पेटलं."

"आणि तुझी बायको काय करते?"

"बायको व्हायला तू हो कुठे म्हणतेस?"

"मग ऐक," ती फुंकणी हातात घेऊन उठली. "माझ्या अंगणाखालून गॅस परदेशी नेतोस ना? त्यातला एका फुंकरीएवढा माझ्या घरात आण. त्या दिवशी लग्न."

"आणतो," रोसेन्दो हसून म्हणाला. त्याला वाटलं, वर्षभराचा प्रश्न आहे.

त्यानंतर त्यांना आणखी तीन पोरं झाली. गॅसला भाव आला तेव्हा प्रांताच्या तिजोरीत पैसा इतका आला की कशावर खर्चावा ते कळेना. आम्हाला हिरव्यागार प्लास्टिकच्या गवताचं फुटबॉल मैदान मिळालं. शेळ्या मोठ्या आशेने आत शिरायच्या आणि तोंड पाडून बाहेर यायच्या. बसचा एक भव्य थांबाही मिळाला, बस मात्र पूर्वीसारखीच वडाप. मग भाव पडला, डोंगरातल्या जुन्या विहिरी मंदावल्या, गावासाठी बांधायला घेतलेला रस्ता अर्धाच राहिला. विहिरींवर कामाला गेलेले निम्मे पुरुष घरी परतले, रोसेन्दोही. घरात गॅस मात्र नव्हताच. व्हेन्सेस्लाओच्या दुकानात सिलिंडर मिळायचे, तेही त्याचा ट्रक चिखलात रुतला नाही तर. सिप्रियाना आपल्या मातीच्या भट्टीत पाव आणि तिखट सारणाच्या करंज्यांसारख्या एम्पानाडा भाजून हमरस्त्यावर विकत राहिली.

दर सणाला कुणीतरी चिडवायचंच.

"रोसेन्दो, सिलिंडरवर नाही का चालणार लग्न? सवलतीत देतो," व्हेन्सेस्लाओ म्हणायचा.

"पाईपचाच हवा," सिप्रियाना आतून ओरडायची. "याने जोडलेल्या पाईपचा!"

आणि मग गेल्या हिवाळ्यानंतर खरोखरच पिवळ्या पाईपांची वेटोळी घेऊन ट्रक आले. रोसेन्दोने सांधलेल्या, डोंगराखालच्या मोठ्या लाईनमधून गावासाठी फाटा काढायचा ठरला होता. मोन्तेल्यानो नावाचा एक तरुण इंजिनिअर घरोघर मीटरच्या जागा आखू लागला. रोसेन्दोने घराला चुना मारला. मी या लग्नासाठी शिवून ठेवलेला निळा झगा सैल करून घेतला. पहिल्यांदा शिवला तेव्हाची कंबर आता कुठे राहिली होती!

पण खुणा देवळापाशी येऊन थांबल्या. देवळापलीकडे ओढा, आणि ओढ्यापलीकडे सिप्रियानाचं घर आणि ग्वारानी आदिवासींची काही घरं.

"पलीकडे खडक आहे. मशीन उतरत नाही ओढ्यात," इंजिनिअर म्हणाला. "ती घरं पुढच्या टप्प्यात."

पुढचा टप्पा म्हणजे काय ते आम्हाला अर्ध्या रस्त्याने शिकवलं होतं. रोसेन्दो तेवढा पुढे झाला.

"चर आम्ही खणून दिला तर?"

"हाताने?"

"हाताने."

इंजिनिअरने त्याच्या पिकलेल्या मिशीकडे आणि वाकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. तो पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, "पाईप शिल्लक आहे माझ्याकडे. मीटरभर खोल चर, तळाला वाळू. कचेरीला विचारून सांगतो." दोन दिवसांनी परवानगी आली. उद्घाटनाची तारीख मात्र ठरून गेली होती, ती हलणार नव्हती.

पहिल्या दिवशी ओढ्यात रोसेन्दो एकटाच होता. एक कुदळ, एक पहार आणि त्याचा कुत्रा. सिप्रियाना काठावर उभी राहून त्याला शिव्या घालत होती.

"अरे म्हाताऱ्या, गुडघे मोडून घेशील! नवरदेव काय खुर्चीत बसवून नेऊ देवळात?"

"ने ना. अट तुझीच आहे."

ती चिडून घरात गेली. मला वाटलं आता दार आपटणार. पण ती फावडं घेऊन आली, झगा कमरेला खोचला आणि सरळ खाली उतरली.

"सरक तिकडे. अट मी घातली, तर अर्धा चर माझा."

ती दोघं त्या उन्हात शेजारी शेजारी खणू लागली, आणि मग मला घरात बसवेना. मीही गेले. संध्याकाळी ग्वारानी घरांतले पुरुष आले, त्यांच्या चुलींचाही प्रश्न होताच. दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा अख्खा संघ आला. गावात इतकी वर्षं ज्या लग्नाच्या गप्पा चालल्या होत्या, त्या लग्नात नाचायला मिळावं म्हणून लोक खडक फोडत होते. व्हायोलिनवाल्या चिच्योने कुदळ धरायला नकार दिला, म्हणाला बोटं जपायची आहेत. पण काठावर बसून तो आमच्या चाकारेरा नाचाची धून वाजवत राहिला आणि त्या ठेक्यावर पहारी पडू लागल्या. एम्पानाडा भट्टीतून थेट ओढ्यात येत होत्या.

शेवटी व्हेन्सेस्लाओही आला. त्याला फावड्यासह पाहून सगळे थबकले.

"तू? तुझे सिलिंडर आता कोण घेणार?" सिप्रियानाने विचारलं.

"कोणी नाही. पण लग्नाची बिअर कोण देणार? मीच ना? चला, हात चालवा."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चर ओढा ओलांडून तिच्या भिंतीला टेकला. मोन्तेल्यानोने स्वतः खाली उतरून पाईप वाळूवर निजवली, जोड तपासले. रोसेन्दोही प्रत्येक जोडावरून हात फिरवत त्याच्यामागून चालत होता.

उद्घाटनाला चौकात मांडव, बँड, प्रांताचे पाहुणे, आशीर्वादाला शहरातून आलेले पाद्रे लुदोविको. भाषणं लांबली. आमच्या भूमीची संपत्ती आता आमच्या घरात, वगैरे. चौकातल्या शेगडीवर पाहुण्यांनी ज्योत पेटवली, टाळ्या पडल्या. पण निम्मं गाव चौकात नव्हतंच. ते सिप्रियानाच्या अंगणात, खिडक्यांत, भिंतीवर चढून उभं होतं.

मोन्तेल्यानोने बाहेरचा कॉक उघडला. सिप्रियानाने शेगडीचं बटण फिरवलं. नुसता फुस्स आवाज आला.

"हवा आहे ती," बाहेरून इंजिनिअर म्हणाला. "जाऊ द्या. खिडक्या उघड्या ठेवा."

मग वास आला. लिदियाने काडी ओढून आईच्या हातात दिली, आणि बर्नरवर एक निळं कडं फुललं, एकदम, गोल, शांत. धूर नाही, राख नाही.

अंगणात आरोळी उठली. रोसेन्दो मात्र लाकडाच्या खोक्यावर मटकन बसला. आयुष्यभर तो या गॅससाठी लोखंड सांधत आला होता, आणि त्याची ज्योत त्याने कधी पाहिलीच नव्हती. तो रडत होता आणि हसतही होता.

सिप्रियानाने माते या आमच्या कडवट चहासाठी किटली ठेवली. पाणी खदखदल्यावर ती उचलून तिने तळ पाहिला, बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ. ती बोट सगळ्यांना दाखवत सुटली. मग एकाएकी थांबली.

"पाद्रे गेले का रे?"

"जीपमध्ये बसतायत," भिंतीवरून कुणीतरी ओरडलं.

"मग बघत काय बसलात? अडवा त्यांना!"

लिदियाने मोटरसायकल काढली. जीपसमोर आडवी घातली म्हणे. पाच-दहा मिनिटांत पाद्रे लुदोविको धुळीने माखून, मोटरसायकलवर मागे बसून, एका हाताने झगा आवरत हजर.

"बाई, असं लग्न लागत नाही," ते म्हणाले. "आधी घोषणा करावी लागते, कुणाचा आक्षेप असेल तर..."

"पाद्रे, आम्हाला चार पोरं झाली. आक्षेप असणारी असती, तर एव्हाना केस ओढायला आली असती."

"आणि सरकारी नोंद?"

"नोंदणीवाला चौकात माझ्याच एम्पानाडा खात होता. त्यालाही आणलाय."

खरंच आणला होता, तोंडातला घास संपवत. पाद्रे हसायला लागले ते थांबेचनात. शेवटी डोळे पुसून म्हणाले, "चला देवळात."

मी निळा झगा घालायला धावले. सिप्रियाना पीठ लागलेल्या एप्रनमध्येच गेली, बदलायचं सुचवलं तर म्हणाली, "त्याच दिवशी म्हटलं होतं. सूर्य कलतोय, कोमाद्रे." रोसेन्दोने 'हो' इतक्या मोठ्याने म्हटलं की मागचा कुत्रा भुंकला. तिला विचारलं तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, जणू पहिल्यांदाच पाहत होती, आणि हळूच म्हणाली, "हो. आणतो म्हणाला होता, आणला."

मग चाकारेरा. चिच्योची जपलेली बोटं त्या संध्याकाळी कामी आली. प्रांताचे पाहुणेही थांबले, मोन्तेल्यानोला आम्ही टाचा आपटायला शिकवलं, व्हेन्सेस्लाओने दुकानातली बिअर संपवली आणि पाद्रेंची जीप शहराला गेलीच नाही.

सकाळी पाद्रे माझ्याकडे माते पीत बसले होते, तेव्हा दारात गर्दी झाली. गावातली लग्न न केलेली जोडपी होती, काही नातवंडांसकट. सगळ्यात पुढे व्हेन्सेस्लाओ, आणि त्याच्या कॉलरला धरून त्याची सोबतीण.

"पाद्रे," ती म्हणाली, "आमच्याकडेही कालपासून गॅस आलाय."