पानावरची रागिणी

माणिकबाईंनी तांब्यातलं पाणी मोनालीच्या पायांवर ओतलं, पदरानं पाय पुसले, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "बस वं रागिणी."

मोनाली पाटावर बसली. वलगावच्या या घरात दर अक्षय तृतीयेला ती रागिणी व्हायची. घरातलं जे माणूस गेलं, त्याच्या वयाच्या कुणालातरी त्याच्या नावानं जेवायला बसवायचं, ही इथली जुनी रीत. रागिणी या घरची थोरली मुलगी. अमरावतीच्या वसतिगृहात ती आणि मोनाली एका खोलीत राहायच्या, एकच विषय शिकायच्या. शेवटच्या वर्षी डेंग्यूनं रागिणीला आठवडाभरात नेलं. तिच्या शिक्षणासाठी काढलेलं बँकेचं कर्ज तेवढं मागे राहिलं, आणि तिचे आईवडील, माणिकबाई आणि शेषराव, ते वांगी-मेथी विकून फेडत आले.

विषय होता कुटुंब अभ्यास. गावानं त्याची यथेच्छ थट्टा केली होती. घर चालवायलाच शिकायचं तर पोरीला सासरी धाडा, फुकटात शिकेल, असं पारावरची मंडळी म्हणायची. पोर होती तोवर शेषरावांनी ते हसण्यावारी नेलं. ती गेल्यावर मात्र तीच थट्टा त्यांच्या जिव्हारी लागली.

म्हणूनच पहिल्या वर्षी, पानावर बसलेल्या मोनालीला त्यांनी विचारलं होतं, "तुले पगार किती भेटते वं, रागिणी?"

मोनाली तेव्हा अकोल्याच्या एका समुपदेशन केंद्रात नुकतीच लागली होती. भांडून आलेल्या नवराबायकोचं ऐकून घ्यायचं काम, तेही कंत्राटी, आणि पगार अकरा हजार. पण समोर बापाचा तो चेहरा होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "पस्तीस हजार, बाबा." शेषरावांचे डोळे भरून आले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मग दरवर्षी तो पगार वाढवत नेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. गेल्या वर्षी तर आकडा मनात ठरायच्या आधीच ओठांवर आला होता, आणि तो आवाज आपला नाही असं तिला वाटलं होतं. 

पानात पुरणपोळी, वडे, कुरडई आली. रस वाढायला रागिणीची धाकटी बहीण दीक्षा पातेलं घेऊन उभी राहिली. ती नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती.

"कर्ज फिटलं एकदाचं," शेषराव म्हणाले. "आता दीक्षाले टाकतो. तेच कॉलेज, तोच विषय. निकाल लागला की बँकेत सही करतो. तुह्या पगाराकडे पाहूनच हिंमत केली."

"पुस्तकं आहेतच घरात," माणिकबाई म्हणाल्या. "तिचे कपडेबी हिले बरोबर बसतात. होस्टेलात खोलीबी तेच मांगून घेऊ."

मोनालीनं मान वर केली. दीक्षाच्या अंगावरचा निळा कुडता तिनं ओळखला. रागिणी तो परीक्षेच्या दिवशी हटकून घालायची. मोनालीनं हातातला घास पानात परत ठेवला.

"मंग रागिणी, यंदा किती?"

बावन्न हजार, हे शब्द जिभेवर तयारच होते. तिनं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

"अकरा हजार, काका. पहिल्यापासून तेवढाच. कधी दोन-दोन महिने थकते. मी दरसाली खोटं सांगत होती. माह्यं शिक्षणाचं कर्जबी अजून फिटलं नाही. दीक्षाले माह्या भरवशावर नका टाकू."

माणिकबाईंचा तुपाची पळी धरलेला हात तसाच राहिला. शेषराव रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "दिवाळीच्या टायमाले वांग्याची गाडी घेऊन अकोल्याले आलतो. तुह्या केंद्रावर गेलतो. तू नव्हती. तिथल्या शिपायानं सांगतलं सारं."

"मंग तरीबी दीक्षाले काहून?"

"ते मोनालीचं झालं. मोनालीले मी कधी इचारलंच नाही." ते थोडे पुढे झुकले. "पानावर बसलेलं खोटं बोलत नाही. रागिणीले किती भेटते, ते सांग."

भर दुपारच्या उन्हात मोनालीच्या पाठीवर काटा आला. इतकी वर्षं आपण रागिणीला नोकरी दिली, बढती दिली, तिला थोडं थोडं मोठं केलं. आता तिला राहायला अंग हवं होतं, आणि ते समोर रसाचं पातेलं घेऊन उभं होतं. मोनालीला आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीची पहिल्यांदाच भीती वाटली. त्या भीतीची लाजही वाटली.

"रागिणीले काहीच नाही भेटत, काका," ती म्हणाली. "ती नाही आता."

"पानावर बसून असं—" माणिकबाईंनी पळी खाली ठेवली.

शेषरावांनी मान खाली घालून पानाकडे पाहिलं. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, "दीक्षा, तुह्यं काय म्हणणं आहे वं?"

दीक्षानं पातेलं खाली ठेवलं. हा प्रश्न आपल्याला कुणी विचारेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. 

"मी शिकीन, बाबा. मले तोच विषय पायजे. अकरा हजार भेटले तरीबी." मग कुडत्याची बाही मुठीत आवळून ती म्हणाली, "फक्त तिच्या जागी नको."

 माणिकबाईंनी फळीवरून आणखी एक ताट काढलं, दीक्षाला नावानं हाक मारली आणि मोनालीच्या शेजारी पाट मांडला.